अंगण वाकडे नाही

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांत एक तक्रार वारसाहक्काने चालत आली आहे. जमीन वाटली जाते, घर वाटले जाते, भांडीकुंडी वाटली जातात; ही तक्रार मात्र प्रत्येक भावाच्या वाट्याला अख्खी येते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि तापीकाठचे आमचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. तिकडे असतो तर आज कुठल्या कुठे गेलो असतो, असे या तक्रारीचे सार. शेजारच्या हिंदी भाषकांची तक्रारही याच जातीची. फक्त तिच्यात भोपाळ लांब असल्याचे दुःख असते.

मी बुधवाऱ्यात राहतो. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि शेजारी उर्दू अशी आमची बोली-व्यवस्था आहे. तिन्ही भाषांत ही तक्रार ऐकून झाली. ती खोटी आहे, आणि सोयीची आहे म्हणून टिकली आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण दुसऱ्यांच्या मुलांना सांगतो. कधी स्वतःलाही सांगून पाहावी.

गावाचा विकास व्हायला काय लागते, असे विचारले की शहाणी माणसे पाणी, रस्ता, जमीन, बाजार, कसब अशी यादी देतात. ती यादी हातात घेऊन बऱ्हाणपुरात फिरा. पाणी? १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पोटातले पाणी भुयारांतून आणि कुंड्यांतून निव्वळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणले गेले; तो कुंडी भंडारा आजही पाहायला मिळतो. रस्ता? सुरतेहून आग्ऱ्याला जाणारा रस्ता इथून जात होता. बाजार आणि कसब? सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए या वाटेने गेला तेव्हा त्याने लिहून ठेवले की इथली तलम मलमल इराण, तुर्कस्थान, अरबस्थान, इजिप्तपासून रशिया-पोलंडपर्यंत जाते. पुढे मुंबईची रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताप्ती मिल उभी राहिली. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी नेपानगरचा कारखाना देशाला अर्पण केला. वर्तमानपत्री कागदाचा तो देशातला पहिला कारखाना. जमीन काळी, केळी पिकवणारी. २००३ साली जिल्हाही झाला. २०२२ मध्ये तर घरोघर नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचे नाव गाजले.

यादी पुरी झाली. आता सांगा, कमी काय होते?

राहता राहिली राजधानी. पण तिचा इतिहास तरी नीट आठवावा. मध्य प्रांत होता तेव्हा आणि त्यानंतर १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. मराठी माणसांचे, मराठी वर्तमानपत्रांचे नागपूर! त्या सगळ्या काळात आमच्या विणकराच्या घरात सोन्याचा धूर निघत होता काय? त्याआधी शिंदे होते, मोगल होते, फारुकी होते. दरबार बदलले, झेंडे बदलले. मागावर बसणारा माणूस मागावरच राहिला आणि कापड विकणारा वेगळाच राहिला.

सीमेपलीकडे असते तर काय झाले असते, हे पाहायला कल्पना लढवण्याचीही गरज नाही. आमच्या जिल्ह्याला लागूनच धारणी तालुका आहे. तो महाराष्ट्रात आहे, १९६० च्या १ मेपासून आहे. त्याच मेळघाटातल्या कोरकूंची मुले कुपोषणाने दगावत असल्याच्या बातम्यांनी १९९३ साली सारा महाराष्ट्र हादरला होता. महाराष्ट्राच्या आतल्या आतल्या असमतोलाचा हिशेब मांडायला वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली आणि १९८४ च्या तिच्या अहवालाने विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष जगजाहीर केला. नकाशावरची रेघ ओलांडली की पोट भरते असे असते, तर धारणीत ते कधीच भरले असते.

उलट कित्येक बाबतींत रेघेच्या पलीकडचे लोक आपल्याकडे पाहतात. रावेर-यावलचा केळी उत्पादक बऱ्हाणपूरच्या बाजारात आज काय भाव निघाला ते आधी विचारतो, कारण इथे उघड लिलाव होतो. भोपाळने २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ काढली; वर्षभरात मुंबईत ती ‘लाडकी बहीण’ झाली. तेव्हा शहाणपण फक्त पलीकडेच पिकते, हा भ्रम सोडावा.

मग अडले कुठे? अडले पैशाच्या आणि विद्येच्या वाटणीत. कष्ट करणाऱ्या हाताला नफ्यात वाटा मिळाला नाही आणि त्याच्या मुलाबाळांना शिक्षण मिळाले नाही. हे दोन दरवाजे बंद ठेवून आपण बाकी सगळ्या खिडक्या उघडत बसलो.

यंत्रमागाचेच उदाहरण घेऊ. सूत व्यापाऱ्याचे. तो सूत देतो, मागवाला विणून कापड परत करतो आणि मीटरमागे ठरलेली मजुरी घेतो. विजेचे बिल, जागा, मोडतोड हे सारे मागवाल्याच्या माथी. त्याच्या हाताखालच्या कारागिराला मिळते तेही मीटरवर. घरात बायका आणि पोरे कांड्या भरतात. त्यांची मजुरी कोणाच्या वहीत वेगळी लिहिलीच जात नाही. सूत स्वस्त असताना भरून ठेवायचे आणि कापडाला भाव आला की विकायचे, ही चैन ज्याच्याकडे भांडवल आहे त्याची. बाजार मंदावला की सूत यायचे थांबते, माग थांबतो आणि त्याच संध्याकाळी चुलीवर परिणाम होतो. व्यापारी राक्षस आहे असे मी म्हणत नाही. त्यालाही सुरत-भिवंडीशी टक्कर द्यायची असते. पण ही घडीच अशी आहे की तेजीचा लाभ वर जातो आणि मंदीचा भार खाली येतो. ज्याच्या हातात कधीच दोन पैसे शिल्लक पडत नाहीत, तो नवा माग कशाने घेणार? म्हणून जुन्या बनावटीचे माग खडखडत राहतात, स्वस्त कापड निघत राहते आणि स्वस्त कापडाला स्वस्त मजुरीच परवडते.

या चक्रात पोराची शाळा सर्वांत आधी जाते. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, हे खरे. पण २०१६ च्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायला मोकळीक ठेवली आहे. ज्या घरात माग आहे त्या घरात शाळा कधी सुटते आणि धंदा कधी सुरू होतो, हे कोणता निरीक्षक पाहायला येणार?

आता इचलकरंजीकडे पाहा. तेही सीमेवरचेच गाव, कर्नाटक हाकेच्या अंतरावर, मुंबई दूर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग चालवला. पुढे दत्ताजीराव कदमांसारख्या माणसांनी विणकरांचे भागभांडवल गोळा करून सहकारी सूतगिरणी उभी केली. सुतासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे नको, हा त्यातला रोकडा विचार. सहकारी बँका निघाल्या. १९८२ मध्ये वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी शिकवणारी संस्था निघाली. इचलकरंजी स्वर्ग नाही. तिथेही मजुरीवर चालणारे माग आहेत, तिथेही मंदी येते आणि पंचगंगेचे पाणी कसे झाले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण कमाईचा काही भाग गावातल्या संस्थांत जिरला आणि त्या संस्थांतून माणसे शिकून निघाली. हे सरकारने दिलेले दान नव्हते. सरकारने पुढे मदत केली, पण पहिला रुपया गावाने काढला. आपल्याकडे कोणी काढला?

इचलकरंजी महाराष्ट्रात म्हणून तिला जमले, असे कोणी म्हणेल. तर मग ढाक्याकडे जाऊ. बऱ्हाणपूरसारखेच तेही मलमलीचे शहर, आणि मलमल गेल्यावर तेही रसातळाला गेले. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशाला जगाने भिकेची झोळी म्हणून हिणवले होते. तिथल्या एका कंपनीने १९७९ मध्ये सुमारे १३० माणसे शिवणकाम शिकायला दक्षिण कोरियात पाठवली. ती परत आली आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे कारखाने काढले, चालवले. पाहता पाहता लाखो मुली त्या कारखान्यांत कामाला लागल्या. त्याच देशाने १९९४ मध्ये खेड्यापाड्यांतल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर विद्यावेतन सुरू केले. अटी तीन: हजेरी भरली पाहिजे, गुण मिळाले पाहिजेत आणि मुलीचे लग्न झालेले नसले पाहिजे. या कथेला काळी बाजूही आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. स्वस्त मजुरीचा तो हिशेब होता. तरीही शिकलेली, चार पैसे कमावणारी मुलगी घरात आली की घराची चाल बदलते, हे त्या गरीब देशाने दाखवून दिले. अमर्त्य सेन आयुष्यभर हेच सांगत आले आहेत की माणसाची कुवत वाढणे म्हणजे विकास. उत्पन्नाचे आकडे त्यानंतर येतात.

आणि आपण? आपल्या मराठी घरांतला हिशेब जरा मांडू या. विणकराची गोष्ट वाचून मान डोलावणाऱ्या केळीवाल्याने आपल्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा विचार करावा. त्याला काय नफ्यात वाटा आहे? बागेला ठिबक आले, टिश्यू कल्चरची रोपे आली, घड वजनदार झाले. खांदा मात्र तोच, आणि तो बहुधा एखाद्या आदिवासी पाड्यावरून आलेला. त्याची मुले हंगामाबरोबर गाव बदलतात आणि शाळेचे हजेरीपुस्तक मागे राहते. व्यापाऱ्याने भाव पाडला म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. पण मजुरीचा भाव आपण पाडतो तेव्हा रस्त्यावर कोण उतरते?

केळीला भाव मिळालेल्या वर्षी पैसा कुठे जातो तेही आपण जाणतो. इंदुरात नाहीतर पुण्यात प्लॉट, आणि उरलेला लग्नाच्या मांडवात. मुलगा शिकायला बाहेर जातो आणि बाहेरच राहतो. मुलीची दहावी झाली की पुढचे कॉलेज लांब आहे, बस वेळेवर नाही, दिवस बरे नाहीत, अशी कारणे जमा होतात आणि स्थळे पाहणे सुरू होते. तीच बस मुलाला मात्र वेळेवर मिळते! मराठी शाळा वाचवा म्हणून निवेदन आपणच देतो आणि निवेदनावर सही करून आपली मुले इंग्रजी माध्यमात सोडायला जातो. मग त्या शाळेत उरतात ती ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही अशांची मुले, आणि त्यांच्यासाठी भांडायला वजनदार पालक उरत नाही. भाषेचा अभिमान असा दुसऱ्याच्या पोराच्या खांद्यावर ठेवून मिरवता येत नाही.

सरकारची जबाबदारी मी पुसून टाकतो आहे, असे कोणी समजू नये. ताप्ती मिलची चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली. नेपानगरचे यंत्र नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये थांबले ते पुन्हा हलायला २०२२ उजाडले. या दोन्ही ठिकाणी मालक सरकारच. त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे घर धड असावे लागते. आणि मागण्याही नेमक्या असाव्या लागतात. “आमचा विकास करा” ही मागणी नव्हे, ते गाऱ्हाणे झाले. विणलेल्या प्रत्येक मीटरची मजुरी लेखी पावतीवर द्या. मागवाल्यांच्या सहकारी सूत डेपोला कर्ज द्या. मुलींसाठी बारावीपर्यंत गावातून बस आणि शहरात वसतिगृह द्या. हंगामी मजुरांच्या मुलांची शाळा त्यांच्या मागोमाग न्या: या मागण्या आहेत. यांतल्या एकीलाही राज्याची सीमा आड येत नाही.

यातली निम्मी कामे तर निवेदनाशिवाय होण्यासारखी आहेत. पन्नास मागवाल्यांनी मिळून सूत खरेदी करायला मंत्र्याची परवानगी लागत नाही. बागाईतदाराने मजुराला दर आठवड्याला रोख मजुरी वहीवर सही घेऊन द्यायला कलेक्टरचा हुकूम लागत नाही. लग्नाच्या एका पंगतीचा खर्च वाचवून मुलीची बारावी करायला तर कोणाचीच हरकत नसावी. यंदाच्या दिवाळीत वहीपूजन कराल तेव्हा त्या वहीत आपल्याकडे राबणाऱ्यांची नावे आहेत का, आणि नावापुढचा आकडा चारचौघांत वाचून दाखवता येईल का, एवढे तपासा. ते जमले, तर आपण कोणत्या राज्यात आहोत याची चर्चा करायला पुढची पिढी बसणार नाही. तिला कामे असतील.