व्हीआर हेडसेटने बोटं वाचतील का? कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणाची खरी परीक्षा

कारखान्यातलं प्रशिक्षण हा एरवी कंटाळवाणा वाटणारा विषय सध्या दोन कारणांनी पुढे आलाय. ४ ऑक्टोबर २०२५ ला पीएम-सेतू योजना सुरू झाली. तिच्यात ६०,००० कोटी रुपये खर्चून देशातल्या १,००० सरकारी आयटीआयचं आधुनिकीकरण करायचं ठरलंय. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा घेतली. म्हणजे प्रशिक्षणासाठी पैसा येतोय, आणि नियमांची घडीही नव्याने बसतेय.

अशा वेळी विक्रेते हेडसेट घेऊन दारात उभे राहणारच. दर वर्षी ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास एखाद्या कंपनीच्या गेटजवळ व्हीआरचा स्टॉल दिसला तर आता कोणाला नवल वाटत नाही. कामगाराच्या डोक्यावर हेडसेट चढवतात आणि त्याला उंच टॉवरच्या टोकावर उभं करतात. त्याचे पाय लटपटतात, बाकीचे हसतात, फोटो निघतो. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या दिवशी तोच माणूस खऱ्या प्रेसवर बसतो तेव्हा त्याच्या हातात काही फरक पडलेला असतो का?

हेडसेट नेमकं करतं काय?

आधी तंत्र समजून घेऊ. आजचे बरेचसे हेडसेट स्वतःवर लावलेल्या कॅमेऱ्यांनी आजूबाजूची खोली बघतात आणि डोकं कुठे आहे, कुठे वळलंय हे सेकंदाला अनेक वेळा मोजतात. त्यानुसार दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं चित्र तयार होतं. डोकं हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. तो वाढला, किंवा डोळ्यांना हालचाल दिसली पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला जाणवली नाही, तर मळमळतं. काही लोक दहा मिनिटांत हेडसेट काढून ठेवतात ते यामुळेच.

स्वस्त डेमोमध्ये अनेकदा फक्त ३६० अंशांचा व्हिडिओ असतो. त्यात मान वळवता येते, पण पुढे झुकून मशिनखाली डोकावता येत नाही, हातात काही धरता येत नाही. खऱ्या अर्थाच्या सिम्युलेशनमध्ये तुम्ही चालता, वाकता, व्हॉल्व्ह फिरवता, आणि चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला तर त्याचा परिणामही दिसतो. दोन्ही गोष्टी ‘व्हीआर ट्रेनिंग’ याच नावाने विकल्या जातात. खरेदी करणाऱ्याने पहिला फरक हा ओळखावा.

पुरावा काय सांगतो?

विक्रेत्यांच्या स्लाइडवर एक आकडा हमखास असतो: ‘व्हीआरमध्ये लोक चौपट वेगाने शिकतात’. हा आकडा खोटा नाही. पीडब्ल्यूसीच्या २०२० च्या अभ्यासातून तो आला आहे. पण त्या अभ्यासात मॅनेजर लोकांना सर्वसमावेशक नेतृत्व, म्हणजे माणसांशी कसं वागावं, हे शिकवलं होतं. तिथे ना मशिन होतं, ना करंट, ना ॲसिड. तो आकडा लेथ किंवा बॉयलरवर चिकटवणं म्हणजे गरब्याच्या क्लासचा निकाल दाखवून पोहायला शिकवण्याची फी घेण्यासारखं आहे.

याहून भक्कम पुरावा शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मिळतो. येल विद्यापीठातला २००२ चा अभ्यास यात पायाभूत मानला जातो. शिकाऊ सर्जन फक्त १६. अर्ध्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव आधी सिम्युलेटरवर केला, अर्ध्यांनी नेहमीच्या पद्धतीने. मग खऱ्या रुग्णांवर पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. सिम्युलेटरवाले २९ टक्के जास्त वेगाने काम करत होते आणि त्यांच्या चुका सहापट कमी होत्या.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एक, त्यात डोक्यावर घालायचं हेडसेट नव्हतंच. साधा स्क्रीन आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांसारखे दोन दांडे होते. दुसरी, प्रशिक्षण किती तास द्यायचं हे आधी ठरवलेलं नव्हतं. अनुभवी सर्जननी त्या सिम्युलेटरवर जी पातळी गाठली, तिथे शिकाऊ सर्जन पोहोचेपर्यंत सराव चालू. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. दोन तासांचं इंडक्शन, रजिस्टरवर सही, संपलं.

वेल्डिंगमध्येही असाच धडा मिळतो. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात याचा अभ्यास झाला. सोप्या आणि मध्यम अवघड वेल्डसाठी फक्त व्हीआरवर शिकवूनही चालून गेलं. सगळ्यात अवघड वेल्डसाठी मात्र व्हीआर आणि खरी टॉर्च असं मिश्रणच कामाला आलं. याचं कारण कुठल्याही वेल्डरला विचारा. काचेआडची उष्णता, केबलचं वजन, ठिणगी अंगावर आल्यावर हात स्थिर ठेवणं, हे स्क्रीन शिकवत नाही.

तीन प्रकारची कौशल्यं, तीन वेगळी उत्तरं

कुठलंही तांत्रिक काम मी तीन थरांत पाहतो.

पहिला थर ओळखण्याचा. यात धोका दिसणं आणि निर्णय घेणं येतं. टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासली आहे का? मचाणाची फळी बांधलेली आहे का? इथे व्हीआर उत्तम. खऱ्या आयुष्यात वायुगळती ‘सरावासाठी’ करून दाखवता येत नाही. आभासी जगात ती वीस वेळा करता येते, आणि वीसही वेळा वेगळ्या जागी.

दुसरा थर क्रमाचा. आधी मेन स्विच बंद, मग कुलूप, मग टॅग, मग उरलेला दाब सोडणं, मग बंद झालंय याची खात्री. लॉकआऊट-टॅगआऊटचा हा क्रम पाठ होण्यासाठीही व्हीआर चांगलं. पण खरं सांगायचं तर मोबाइलवरचं नीट बनवलेलं ॲपसुद्धा यातलं बरंच काम कमी पैशात करतं.

तिसरा थर हाताचा. बोल्ट किती आवळायचा, ग्राइंडर कितपत दाबायचा, भरलेला अग्निशामक सिलिंडर एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने नोझल कसं धरायचं. प्लॅस्टिकच्या कंट्रोलरचा थरथराट याची जागा घेऊ शकत नाही. इथे वर्कशॉपच हवं. उस्ताद शेजारी उभा हवा आणि वाया घालवायला साहित्यही हवं. म्हणून आयटीआयच्या नव्या पैशातून आधी हेडसेट घ्यायचे की आधी चालू स्थितीतली मशिन आणि रिकाम्या जागांवर निदेशक आणायचे, यावर माझं उत्तर सरळ आहे: मशिन आणि निदेशक आधी.

चुकीचं सिम्युलेशन नुसतं निरुपयोगी नसतं

सिम्युलेटरची जुनी शाळा म्हणजे विमानोड्डाण. एडविन लिंकने १९२९ मध्ये पहिला गाजलेला ट्रेनर बनवला, तेव्हापासून वैमानिक जमिनीवर ‘उडायला’ शिकतात. याच क्षेत्राने एक कडू धडाही दिलाय.

१२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७ न्यूयॉर्कमध्ये कोसळलं. २६५ माणसं गेली. पुढच्या विमानामुळे तयार झालेल्या हवेच्या भोवऱ्यात सहवैमानिकाने रडरचं पेडल गरज नसताना जोरजोरात डावी-उजवीकडे दाबलं आणि शेपटीचा उभा भाग तुटला. तपास यंत्रणेने विमानाच्या रडर प्रणालीच्या रचनेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातल्या काही बाबींनाही हातभार लावणारं कारण ठरवलं. सरावात सिम्युलेटर भोवऱ्याचा परिणाम वास्तवापेक्षा खूप मोठा दाखवत होता आणि विमान खरं कसं प्रतिसाद देतं ते दाखवतच नव्हता. त्यामुळे रडर जोरात वापरायची चुकीची सवय लागू शकत होती.

याला आपण उलटं प्रशिक्षण म्हणू. कोड लिहिणारा म्हणून मला यातला धोका फार ओळखीचा वाटतो. व्हीआरमधला प्रेस, रिॲक्टर किंवा क्रेन कसं वागेल हे शेवटी एखादा डेव्हलपर ठरवतो. त्याने खऱ्या मशिनचं थांबायचं अंतर मोजलंच नसेल, तर सिम्युलेशन बघायला देखणं होईल आणि कामगार चुकीच्या अंदाजावर विश्वास ठेवायला शिकेल.

पॉवर प्रेसचं उदाहरण

आता बोटांकडे येऊ. चाकण, भोसरी, वाळूज अशा पट्ट्यांत वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे प्रेस शॉप आहेत. पत्रा डायवर ठेवायचा, पेडल दाबायचं, स्ट्रोक खाली येतो. हात वेळेत बाहेर आला नाही, तर बोटं जातात.

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये अनेकदा रोलिंग की क्लच असतो. तो एकदा अडकला की फेरी पूर्ण होईपर्यंत स्ट्रोक थांबत नाही. म्हणजे अशा प्रेसला हात दिसताच मशिन थांबवणारा लाइट कर्टन लावून उपयोग नाही. सेन्सरला हात दिसेल, पण क्लच ऐकणारच नाही. तिथे हात आत जाऊच शकणार नाही असं पक्कं गार्ड लागतं, किंवा मधेच थांबू शकणारा हवेच्या दाबावरचा फ्रिक्शन क्लच बसवावा लागतो.

सुरक्षेच्या अभ्यासात नियंत्रणाची एक उतरंड शिकवतात: धोका काढून टाका, ते जमत नसेल तर बदला, मग यांत्रिक अडथळा घाला, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-हेल्मेट. प्रशिक्षण पाचात चौथं आहे. हेडसेट कितीही महागाचं असलं तरी ते याच चौथ्या पायरीवर बसतं. उत्पादन वाढवण्यासाठी गार्ड काढून ठेवलं असेल, तर तिथल्या ऑपरेटरला व्हीआर दाखवणं म्हणजे गळक्या छपराखाली पावसावरचा माहितीपट लावणं.

लॉग कोणाच्या बाजूने बोलेल?

सगळ्यात कमी चर्चा होते ती या मुद्द्याची. व्हीआर प्रणाली प्रत्येक हालचाल नोंदवते. नजर कुठे होती, किती सेकंद लागले, कुठे चुकलात, सगळं. शिकवण्यासाठी हा डेटा सोन्यासारखा आहे. पण अपघातानंतर हाच डेटा ‘आम्ही त्याला शिकवलं होतं, त्याला ९२ गुण होते, चूक त्याचीच’ असं सांगायलाही वापरता येतो.

ही कल्पनेतली भीती नाही, तिला कायद्यात जागा आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल, आणि सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडल्यामुळेच अपघात झाला असेल, तर मालकाची भरपाईची जबाबदारी टळू शकते, अशी तरतूद होती. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ‘आदेश दिला होता, समजला होता’ हे दाखवायला वेळ-तारखेसकट व्हीआरचा लॉग यापेक्षा सोयीचा कागद कुठला? उरतो तो ‘जाणूनबुजून’ शब्द. गार्ड कोणी काढलं, टार्गेट किती होतं, शिफ्ट किती तासांची होती, हे त्या लॉगमध्ये नसतं.

जुन्या कारखाना कायद्याच्या कलम १११-ए मध्ये प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हटला होता. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर गेली आहे. छोट्या प्रेस शॉपचा विचार करताना हा बदल लक्षात ठेवायला हवा. जिथे बोटं जातात ती बरीचशी ठिकाणं याच आकाराची असतात, आणि तिथे हेडसेट पोहोचायची शक्यताही सगळ्यात कमी.

घेण्याआधी हे विचारा

तुम्ही सेफ्टी ऑफिसर, आयटीआयचे निदेशक, युनियनचे प्रतिनिधी किंवा छोट्या कारखान्याचे मालक असाल, तर डेमो बघताना एवढे प्रश्न विचाराच.

१. हा नुसता व्हिडिओ आहे, की कामगाराच्या चुकीवर काय घडतं ते बदलतं?

२. यातलं मशिन आमच्या मशिनसारखं वागतं का? थांबायचा वेळ कोणी मोजला?

३. पास होण्याची अट काय? तास, की पातळी? आणि ती पातळी आमच्या अनुभवी ऑपरेटरने ठरवली आहे का?

४. व्हीआरनंतर खऱ्या मशिनवर, कोणाच्या देखरेखीखाली सराव होणार आहे?

५. मराठीत आहे का? आणि हिंदी, ओडिया, भोजपुरी बोलणाऱ्या कंत्राटी कामगारांचं काय?

६. लॉग किती दिवस राहतो, कोण बघतं, आणि कामगाराला स्वतःची प्रत मिळते का?

७. हे हेडसेट बंद पडलं तर मजकूर दुसऱ्यावर चालेल का? मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. फक्त त्याच उपकरणासाठी बनवलेलं प्रशिक्षण आता कुठे न्यायचं, असा प्रश्न लोकांपुढे आहे. ओपनएक्सआर या खुल्या मानकावर बनवलेली सॉफ्टवेअर अशा वेळी तुलनेने सहज हलवता येतात.

आणि हे सगळं विचारायच्या आधी एक चक्कर शॉपफ्लोअरवर मारा. सगळी गार्ड जागेवर आहेत का, दोन हातांच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं नाही ना, ते बघा. तसं आढळलं तर हेडसेटचं बजेट बाजूला ठेवा आणि आधी फिटरला बोलवा.