नित्याचा अर्धा तास

कोजागरी जवळ आली की औशाहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी फुलून जातो. आई भवानीचा उदोकार करीत रात्रंदिवस चालणारी ही माणसे पाहिली की मराठवाड्याच्या मातीतील काटकपणा अजून शाबूत आहे, याची खात्री पटते. परंतु पौर्णिमा सरते, पायांचे फोड बरे होतात आणि त्यांतलेच कित्येक जण गल्लीच्या टोकावरून साखरेचा पुडा आणण्यासाठीही मोटारसायकल काढतात. श्रद्धेच्या बळावर मैलोगणती चालणाऱ्या पायांना रोजची हजार पावले जड व्हावीत, हा आपल्या आजच्या जीवनपद्धतीवरील बोलका शेरा आहे.

दोन पिढ्यांपूर्वी या परिसरात 'व्यायाम किती करावा' हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. कोळपणी, खुरपणी, मळणी, घरातले जाते आणि आडावरचे पाणी यांतच शरीराचा पुरता कस लागे. ज्यांना त्याहून अधिक हवे, त्यांच्यासाठी तालीम होती. याच जिल्ह्यातील रामलिंग मुदगडसारख्या लहानशा गावातून हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल घडला आणि २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्काराचा मानकरी ठरला. तालमीतले वस्ताद एक गोष्ट पक्की जाणतात : मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, की पैलवानाचे शरीर पाहता पाहता सुटते. आज साऱ्या समाजाची गत त्या पैलवानासारखी झाली आहे. नांगर ट्रॅक्टरला जोडला गेला, जात्याची जागा गिरणीने घेतली, फाटकापर्यंत वाहन आले. ताट मात्र तेच राहिले. उलट त्यात फरसाण, शीतपेये आणि वेळी-अवेळी चहाबिस्किटांची भर पडली.

परिणाम समोर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने तर देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असा निष्कर्ष काढला. त्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे.

मग व्यायाम नेमका किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याचे उत्तर दिले आहे. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे जोर, बैठकांसारखे प्रकार. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग म्हणजे मध्यम श्रम. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी आरोग्यापुरती किमान मर्यादा गाठली जाते. हा वेळ सलगच हवा असेही नाही. सकाळ-संध्याकाळ विभागला तरी चालतो.

वजन उतरवायचे असेल तर हिशेब थोडा निराळा आहे. त्यासाठी आठवड्याला २५० मिनिटांहून अधिक, म्हणजे रोज पाऊण तासाच्या आसपास व्यायाम लागतो आणि जिभेवर ताबाही लागतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून साधारण १५० उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट उष्मांक असतात. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे आहार न वाढवता केवळ अर्ध्या तासाच्या चालण्याने एक किलो चरबी उतरायला पन्नासएक दिवस लागतील. महिन्यात दहा किलो घटविण्याच्या जाहिरातींची किंमत यावरून ज्याने त्याने ठरवावी.

अतिरेकही नको. वाग्भटाने बलवान माणसालाही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करण्यास सांगितले आहे. एक जानेवारीला व्यायामशाळेत दोन तास घाम गाळून संक्रांतीपर्यंत थकणाऱ्यांनी हा विवेक आठवावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, जोरकस व्यायामाआधी वैद्यकीय सल्ला घेणे हेच शहाणपण.

या प्रश्नाची खरी कसोटी मात्र घराघरांत आहे. 'लातूर पॅटर्न'ने या जिल्ह्याला शैक्षणिक लौकिक दिला, तो रास्तच आहे. पण मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्याचे मैदान बंद करणारे पालक त्याच्या आरोग्याचा पाया खणत असतात. संघटनेच्या मते १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी. अभ्यासाच्या वेळापत्रकात तो तास लिहिलेला असतो का? दिवसभर राबणाऱ्या गृहिणीला 'तुझा व्यायाम घरकामातच होतो' असे सांगून गप्प केले जाते; तिला निवांत चालण्यासाठी अर्धा तास मोकळा करून देणे ही घरातल्या इतरांची जबाबदारी नव्हे काय? आणि कार्यकर्ते? तरुणपणी सूर्यनमस्कारांत अग्रेसर असलेले कित्येक जण पन्नाशीत बैठका, प्रवास आणि घरोघरीच्या आग्रहाच्या जेवणांत हरवतात. समाजाला शिस्त सांगणाऱ्याचे स्वतःचे पोट बेशिस्त असेल, तर त्याच्या शब्दाला वजन कसे येणार?

भवानीसाठी वर्षातून एकदा चालणे ही श्रद्धा आहे. तिने दिलेल्या देहासाठी रोज चालणे हेही कर्तव्यच आहे. त्यासाठी यंत्रे नकोत, शुल्क नको. पहाटेचा मोकळा रस्ता आणि सोबतीला घरातले एखादे माणूस असले की पुरे. पुढच्या कोजागरीला फोड न येता तुळजापूर गाठायचे असेल, तर त्या वाटेची सुरुवात उद्या पहाटे घराच्या उंबरठ्यापासूनच करावी लागेल.