काळजी लहानांनाही असते

मोठी माणसे नेहमी म्हणतात, "लहान पोरांना कसली आलीय काळजी? खायचं, प्यायचं अन् हुंदडायचं!" मला हे मुळीच पटत नाही. काळजी लहानांनाही असते. जसे आपण रोज दात घासतो, तसे मनासाठीही रोज थोडे काहीतरी केले पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे मी सांगते.

मागे आमची गणिताची चाचणी होती. मला भागाकार जमत नव्हता. सकाळी उठले तर पोटात दुखायला लागले. आजीने ओवा आणि मीठ चावायला दिले. तरी दुखणे थांबेना. आई म्हणाली, "शाळा बुडवायची नाटकं करू नकोस." मला फार रडू आले. नाटक नव्हते, खरंच दुखत होते. पण चाचणी संपली आणि पोट आपोआप थांबले! मग मलाच वाटले, मी खोटारडी आहे की काय?

मी हे बाईंना सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाला विचारले, "कुत्रं मागं लागलं की काय होतं?" आम्ही ओरडलो, "छाती धडधडते! श्वास भरभर चालतो! घाम येतो!" बाई म्हणाल्या, "शरीर पळायची तयारी करतं. परीक्षेची भीती वाटली तरी ते तशीच तयारी करतं. पण तिथून पळता येत नाही. मग कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाचं डोकं दुखतं." म्हणजे माझे दुखणे खरेच होते.

मग बाईंनी उपाय शिकवला. ताठ बसायचे. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडायचा. असे दहा वेळा करायचे. दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड कमी होते. आम्ही मनगटावरची नाडी मोजून पाहिली. पुढच्या चाचणीआधी माझी नाडी मिनिटाला ११२ होती. दहा श्वासांनंतर ९६ झाली. दोन भागाकार चुकले, पण पोट दुखले नाही.

बाईंनी आणखी सवयी सांगितल्या. रोज खेळावे. मनातले कुणालातरी सांगावे. वेळेवर झोपावे. आपल्या वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. झोपताना मोबाईल बघू नये.

आता पालकांनाही एक सांगते. रागावू नका. यंदा आमचे काढलेले सोयाबीन पावसात भिजले. तेव्हापासून आण्णा रात्री चहा पीत बसतात, नाहीतर आढ्याकडे बघत पडून राहतात. आईचे डोके रोज दुखते. ती कपाळाला फडके बांधून भाकरी थापते. मी तिला श्वास शिकवायला गेले, तर ती हसून म्हणाली, "अगं, मला बसायला वेळ कुठाय?"

तेव्हा मला कळले. उपाय फुकट आहे, पण वेळ फुकट नाही. तो घरातल्यांनी द्यावा लागतो. म्हणून आता संध्याकाळी मी पाणी भरते, दादा भांडी विसळतो. तेवढा वेळ आई ओट्यावर बसते. आधी आजी म्हणाली, "दिवेलागणीला बाईमाणसानं असं बसू नये." आता आजीच तिच्या शेजारी जाऊन बसते!

कुणी म्हणेल, श्वास घेतल्याने भिजलेले सोयाबीन वाळते का? नाही वाळत. उधारीही फिटत नाही. पण परवा आण्णा माझ्याबरोबर दहा श्वास बसले. नंतर त्यांनी आईला जवळ बोलावले आणि दोघांनी वहीत सगळा हिशेब मांडला. बियाण्याचे किती, खताचे किती. त्या रात्री घरात कुणी ओरडले नाही. मला लवकर झोप लागली.

काळजी एवढी वाढली की झोपच येईना, जेवणच जाईना, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' हा फोन सुरू केला आहे. त्याचा नंबर १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. बाईंनी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. पालकांनी जाताना उतरवून घ्यावा. ताप आला की दवाखान्यात जायला आपण लाजत नाही, मग यात लाज कसली?

वर्गमित्रांनो, तुम्ही दहा श्वास करून बघा आणि घरी एकाला तरी शिकवा. आणि पालकांनो, पोराने "पोट दुखतंय" म्हटले तर ओवा जरूर द्या. पण जवळ बसून एवढेही विचारा, "बाळा, कसली काळजी वाटतीय का?"

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी