बिनगिअरचा ट्रॅक्टर आणि डिझेलचं गणित

जर्मनीच्या फेंट कंपनीनं १९९५ साली बिनगिअरचा 'व्हॅरिओ' ट्रॅक्टर दाखवला. त्यात इंजिनाची ताकद दोन वाटांनी चाकाकडं जाते. काही तेलाच्या दाबानं, बाकी दातेरी चाकांनी. तेलाच्या वाटेवर ताकद जास्त वाया जाते. म्हणून कुणी कॉम्प्युटरवर तुलना करून 'डिझेल एवढे टक्के वाचतं' म्हणालं, तर आधी विचारा, कोणत्या कामाला? किती लोडला?

बचत होते ती हलक्या ओढकामात, कारण इंजिन कमी आरपीएमवर चालतं. रोटाव्हेटरला पीटीओचे ५४० फेरे धरायचे म्हटल्यावर रेस कमी करायला फारशी जागा उरत नाही.

माझं मत, कर्ज काढण्याआधी आपल्या गिअरच्याच ट्रॅक्टरवर बघा. हलक्या ओढकामाला वरचा गिअर, कमी रेस. काळा धूर आला की गिअर खाली. पटतंय का?