भांड आणि कागदी पेला

कोलकात्यातील चहाच्या टपरीवर मातीच्या छोट्या पेल्याला ‘भांड’ म्हणतात. मराठीतील ‘भांडे’ आणि हा ‘भांड’ एकाच संस्कृत शब्दापासून आले आहेत. चहा पिऊन झाला की भांड टाकून दिला जातो. त्याची खापरे अखेर मातीतच राहतात. अलीकडे मात्र अनेक टपऱ्यांवर त्याची जागा कागदी पेल्याने घेतली आहे. हा पेला हलका, स्वस्त आणि स्वच्छ वाटतो.

परंतु तो केवळ कागदाचा नसतो. नुसता कागद चहाने भिजून गळू लागेल, म्हणून त्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचे पातळ अस्तर दिलेले असते. पश्चिम बंगालमधीलच खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पेल्यांत गरम पाणी ओतून पाहिले. १५ मिनिटांत १०० मिलिलिटर पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले होते. या हिशेबाने दिवसाला तीन पेले चहा पिणाऱ्याच्या पोटात ७५,००० कण जाऊ शकतात.

असे कण मीठ, मासे आणि पिण्याचे पाणी यांतही आढळले आहेत. २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना ते मानवी रक्तात सापडले. २०२४ साली इटलीतील एका अभ्यासात, मानेच्या रोहिणीत साचलेल्या थरात हे कण असलेल्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांपेक्षा सुमारे साडेचारपट दिसला. हे कणच त्याचे कारण आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. तोवर कण शरीरात जातच राहतील.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर बंदी आली. अस्तराचा पेला मात्र कागदाच्या नावाखाली टिकून राहिला. आत प्लॅस्टिक आहे, हे त्यावर ठळक छापलेले असावे, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे. भांड महाग पडतो आणि तो भाजायला जळण लागते, ही विक्रेत्याची अडचण खोटी नाही. अशा वेळी स्वच्छ धुतलेला काचेचा किंवा स्टीलचा पेला हा उत्तम मार्ग होय. मात्र तो धुण्यासाठी टपरीजवळ पुरेसे शुद्ध पाणी हवे, आणि ते पुरवणे हे नगरपालिकेचे काम आहे. आरोग्याचा सगळा भार चहा विकणाऱ्यावर आणि पिणाऱ्यावर टाकणे न्यायाचे ठरणार नाही.