रोजची पंधरा मिनिटं नजर द्या

एक बटण दाबा आणि भुकेल्याला घास द्या. एक शोध घ्या आणि झाड लावा. हा फोटो दहा जणांना पाठवा, म्हणजे प्रत्येक फॉरवर्डमागे कंपनी एका बाळाच्या ऑपरेशनला एक रुपया देईल. असलं काहीतरी तुमच्या फोनवर अधूनमधून येतच असेल. यातलं शेवटचं सरळ खोटं आहे. व्हॉट्सॲपवरचे निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे तुमचे फॉरवर्ड मोजून पैसे देणारी कंपनी असूच शकत नाही. तो फोटो बहुतेक वेळा कुठूनतरी उचललेला असतो आणि त्यातल्या बाळाच्या आईबापांना त्याचा पत्ताही नसतो. तो तिथल्या तिथे पुसून टाका.

पहिल्या दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. जॉन ब्रीन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००७ साली ‘फ्रीराइस’ नावाचा शब्दांचा खेळ इंटरनेटवर आणला. एक उत्तर बरोबर आलं की तांदळाचे दहा दाणे दान होणार आणि त्याचे पैसे जाहिरातदार भरणार. दोन वर्षांनी ब्रीन यांनी तो खेळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला. याच संस्थेला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे व्यवहार चोख आहे. पण हिशेब करून बघा. तांदळाचा दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा, म्हणजे किलोला ५० हजार दाणे. दहा-दहा दाण्यांनी एक किलो भरायचा तर पाच हजार उत्तरं बरोबर यायला हवीत. रोज पन्नास उत्तरं दिली तरी शंभर दिवस लागतात. मुलांचं इंग्रजी सुधारतं म्हणून त्यांना जरूर खेळू द्या, पण त्यावर आपल्या दानाचं समाधान मानू नका. ‘इकोसिया’ हे २००९ पासून बर्लिनहून चालणारं सर्च इंजिनही प्रामाणिक आहे, आपल्या जमाखर्चाचे अहवाल ते लोकांसमोर ठेवतं. त्याची कमाई मात्र नुसत्या शोधण्यातून होत नाही, शोधाशेजारच्या जाहिरातींवर कुणी क्लिक केलं की होते.

खरेदीतून दान करण्याचा प्रयोग ॲमेझॉनने अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू केला होता. खरेदीच्या रकमेतला अर्धा टक्का गिऱ्हाईक सांगेल त्या संस्थेला जायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बंद झाला. कारण कंपनीनेच सांगितलं: दहा लाखांहून जास्त संस्थांमध्ये वाटला जाऊन तो पैसा फार विरळ झाला होता. अर्धा टक्का म्हणजे दोन हजारांच्या खरेदीवर दहा रुपये. तेवढ्यासाठी नको असलेली वस्तू घरात आणण्यापेक्षा दहा रुपये हातोहात दिलेले बरे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की फोनवरून फुकटात पैसे देण्याच्या या वाटा आपल्यासारख्यांच्या हातून फार थोडं देतात. आपल्याकडे द्यायला त्याहून मोलाची गोष्ट आहे आणि तीही रोज फोनवरच खर्च होते. ती म्हणजे मराठी वाचता येणारी नजर. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक माणसांची नोंद दृष्टिहीन किंवा अधू दृष्टीची म्हणून झाली आहे. त्यांच्यातली मराठी माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, स्पर्धा परीक्षा देतात, कादंबऱ्या वाचतात. त्यांचा फोन त्यांच्याशी बोलतो. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हल्ली साध्या अँड्रॉइड फोनमध्येही आधीपासूनच असतो. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोघा अंध मित्रांनी २००६ पासून घडवला. वाचून दाखवणारं यंत्र आहे. कमी पडतो तो त्याला वाचता येईल असा मराठी मजकूर.

जुनं मराठी पुस्तक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलं की आपल्याला वाटतं, झालं, आता ते सगळ्यांचं झालं. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. स्क्रीन रीडरला तिथे एकही अक्षर सापडत नाही. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय आता आहे, पण मराठीत ती ठेचकाळते. ‘घर’ चं ‘धर’ होतं, ‘भान’ चं ‘मान’ होतं, ‘खाणे’ चं ‘रवाणे’. पानाच्या घडीजवळची काळी रेघ दंड म्हणून येते, पुसट अनुस्वार गळतात, जोडाक्षरं तुटतात. ‘रवाणे’ ची चूक तपासनीस सॉफ्टवेअर पकडेल, पण ‘धर’ आणि ‘मान’ हे खरेखुरे मराठी शब्द आहेत. ते चुकीच्या जागी बसलेत हे वाक्याचा अर्थ कळणाऱ्यालाच समजतं. तुम्हाला ते एका नजरेत दिसतं. ऐकणाऱ्याला मात्र ‘त्याला मान राहिलं नाही’ असं ऐकू येतं आणि चूक लेखकाची, यंत्राची की आपल्या कानांची याचा विचार करत त्याला थांबावं लागतं.

हे काम करायची जागा आहे मराठी विकिस्रोत. विकिपीडियाचंच भावंड. तिथे पुस्तकाचं एकेक पान उघडलं की एका बाजूला छापील पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर दिसतो. दोन्ही ताडून पाहायचं, चुका दुरुस्त करायच्या, पान जतन करायचं. न तपासलेल्या पानाचा रंग लाल, एकाने तपासलं की पिवळा, दुसऱ्याने पुन्हा तपासून पक्कं केलं की हिरवा. स्वतःच तपासलेलं पान स्वतःलाच हिरवं करता येत नाही, त्यामुळे नवशिक्याने धास्ती बाळगू नये. तुमच्यानंतर एक नजर आहेच. सरावाने पंधरा मिनिटांत एखादं पान होतं. हे काम फोनपेक्षा संगणकावर सोपं जातं हे खरं, पण घरातला मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप दुपारी रिकामा असतोच.

निवृत्त शिक्षकांना मी हे खास सांगेन, कारण त्यांच्याइतकी तयार नजर दुसरी नाही. फक्त हात आवरायचा. जुन्या पुस्तकात ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असं छापलेलं असतं, कारण हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी पुढे गेले. लाल पेन हातात असल्यासारखं ते दुरुस्त करावंसं वाटतं. करायचं नाही. छापलंय तसंच ठेवायचं. आपण पुस्तक सुधारायला बसलेलो नाही, ते पुढच्याच्या हातात जसंच्या तसं द्यायला बसलो आहोत.

कुठलंही पुस्तक असं घेता येत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, लोकमान्य १९२० मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये, महर्षी कर्वे १९६२ मध्ये. या सगळ्यांचं लेखन आता मोकळं झालेलं आहे. अंध वाचकांसाठी मात्र कायदा याहून उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हक्काखालचं पुस्तकही त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा दिली, आणि अशा पुस्तकांना देशांच्या सीमा ओलांडू देणारा मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर केला तो भारताने. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. म्हणजे कायदा आहे, कपाट आहे. भरायला माणसं हवीत. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा पाठवल्या. त्या आनंदातली थोडी ऊर्जा या लाल पानांकडे वळली तर मराठीचं फार भलं होईल.

एवढं बसून करायला ज्यांना जमत नाही त्यांनी काय करावं? निदान रोजच्या पाठवापाठवीत तीन सवयी लावून घ्याव्यात. यांना एक पैसा पडत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर सूचनाफलकाचा फोटो टाकता, तेव्हा खाली एक ओळ टाईप करा: ‘उद्या गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाणी येणार नाही.’ फोटोतली सूचना स्क्रीन रीडर बहुधा वाचत नाही, त्याला तिथे फोटो आहे एवढंच कळतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या अंध शिक्षकाने पाणी भरून ठेवलेलं नसतं. मोतीबिंदू झालेल्या आजींनाही त्या एका ओळीचा उपयोग होतो. लग्नाची पत्रिका, शाळेचं वेळापत्रक, श्रद्धांजलीचा फलक, सगळ्यांना हेच लागू. दुसरी सवय फॉन्टची. अजूनही कितीतरी छापखाने आणि कार्यालयं मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात. त्या फाईलमधली अक्षरं आपल्याला मराठी दिसतात, स्क्रीन रीडरला मात्र तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. तुमच्या हाताखालून असं काही जात असेल तर युनिकोडमध्ये द्या, आणि समोरच्याकडून मागतानाही युनिकोडच मागा. तिसरी सवय लहानशी: नमस्काराचे, फुलांचे दहा-दहा इमोजी एका रांगेत लावू नका. काही स्क्रीन रीडर ते एकेक करून वाचतात आणि मूळ निरोप येईपर्यंत ऐकणारा कंटाळून गेलेला असतो.

‘बी माय आइज’ हे ॲप अनेकांना ठाऊक असेल. हान्स योर्गन विबर्ग या डेन्मार्कमधल्या अंधुक दृष्टीच्या कारागिराची ती कल्पना, २०१५ मध्ये ती प्रत्यक्षात आली. अंध माणूस व्हिडिओ कॉल लावतो, जगातला कुणी स्वयंसेवक तो उचलतो आणि औषधाच्या पट्टीवरची तारीख किंवा दोन शर्टांतला निळा कोणता ते सांगतो. जरूर नाव नोंदवा आणि भाषा निवडताना मराठी पाहा. पण तिथे मदत मागणाऱ्यांपेक्षा मदतीला तयार असलेले कितीतरी पटीने जास्त आहेत, त्यामुळे महिनोन् महिने एकही कॉल आला नाही तरी ॲप काढून टाकू नका. आणि कॉल आलाच तर विचारलेलं तेवढं स्पष्ट सांगा. ‘जन्मापासूनच दिसत नाही का हो?’ हे विचारायची ती जागा नव्हे.

ज्यांना वाचण्यापेक्षा बोलणं सोपं जातं त्यांच्यासाठी ‘कॉमन व्हॉइस’ आहे. मोझिलाचा हा उपक्रम २०१७ पासून चालतो आणि त्यात मराठीही आहे. पडद्यावर आलेलं वाक्य आपल्या आवाजात वाचायचं, किंवा दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं. बोललेलं मराठी यंत्राला कळावं म्हणून हे आवाज लागतात, आणि हात वापरता न येणाऱ्या, टाईप करता न येणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार होतो. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ मध्येही ‘भाषादान’ म्हणून असंच काम आहे. पुण्यामुंबईबाहेरच्यांनी इथे आवर्जून बोलावं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वळणाचे आवाज यंत्राच्या कानावर पडले नाहीत, तर बुलढाण्याच्या शेतकऱ्याने विचारलेलं त्याला कळणार नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. द्यायचे तर थेट संस्थेला द्या, आणि थोडे पण दरमहा द्या. संस्थेला शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. यूपीआयवर दरमहा ठरावीक रक्कम आपोआप जाण्याची सोय आहे, ती वापरा. देण्याआधी मात्र दहा मिनिटं खर्च करा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते बघा, आणि तिचा यूपीआय आयडी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, फॉरवर्डमधून घेऊ नका. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला तेव्हा त्याच्या आयडीतलं एकच अक्षर गाळलेला बनावट आयडी लगोलग फिरू लागला होता. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. ‘पिन टाका, म्हणजे परतावा येईल’ असं म्हणणारा चोर असतो.

शेवटी परीक्षांच्या दिवसांतल्या एका निरोपाविषयी. दहावी-बारावीच्या आधी ‘अंध विद्यार्थ्याला लेखनिक हवा’ असे मेसेज फिरू लागतात. हे बहुधा खरे असतात आणि निकडीचे असतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीच्या मुलासाठी नववीचा किंवा त्याखालचा. तेव्हा असा मेसेज आला की पन्नास ग्रुपवर ढकलण्याऐवजी त्या वयाचं मूल असलेली तीन घरं आठवा आणि त्यांना फोन करा. मेसेज तुम्हीच लिहिणार असाल तर विषय, तारीख, वेळ, परीक्षाकेंद्राचं गाव आणि परीक्षार्थीची इयत्ता, एवढं त्यात हवंच. आणि लेखनिक मिळाला की त्याच ग्रुपवर तारखेसह ‘मिळाला’ असं लिहा. नाहीतर तो मेसेज पुढच्या वर्षीही फिरत राहतो, आणि ज्या मुलाला खरोखर गरज आहे त्याचा मेसेज लोक जुना समजून सोडून देतात.