मोटार जळण्यापूर्वी प्रवाह मोजावा

नाशिकहून गंगापूर रोडने गोवर्धन, गिरणारेकडे जाताना द्राक्षबागा व टोमॅटोचे मळे दृष्टीस पडतात. पाणी विहिरीचे असो वा गंगापूर धरणाच्या जलाशयातून उचललेले असो, ते मुळांशी पोहोचविते ती विजेची मोटार. मणी भरण्याच्या दिवसांत ती जळाली, तर रिवाइंडिंगच्या खर्चाहून पाण्याचा खोळंबाच अधिक महाग पडतो. अशा वेळी शेतकरी विजेच्या दाबास दोष देतो आणि वीज कर्मचारी मोटारीस. मोजल्यावाचून चाललेला हा वाद निष्फळ होय.

वायरमन मंडळी ज्यास टाँग टेस्टर म्हणतात, तो क्लॅम्प मीटर तार न तोडता प्रवाह मोजतो. तारेभोवती निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून तो अँपिअरचा आकडा दाखवितो. मात्र पुष्कळदा संपूर्ण केबलच जबड्यात धरली जाते. तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांस छेद देत असल्याने आकडा शून्याजवळ येतो, आणि बिचाऱ्या मीटरलाच नादुरुस्त ठरविले जाते! एका वेळी एकच तार धरावी व जबडा पूर्ण मिटलेला असावा. सुरू होताना मोटार कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून ती स्थिरावल्यावरच आकडा घ्यावा.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भारास सुमारे ७ ते ७.५ अँपिअर घेते. पाणबुडी मोटार काहीशी अधिक घेते. अंतिम प्रमाण नामपट्टीचेच. स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटारीकडे सहा तारा जातात. डेल्टामध्ये चालताना त्यांपैकी एकीतील आकड्यास १.७३ ने गुणून मगच नामपट्टीशी तुलना करावी. कपॅसिटर असल्यास त्याच्या पुरवठ्याकडील बाजूस प्रवाह कमी दिसतो, मोटारीचा खरा प्रवाह पलीकडे मोजावा. सौरपंपाच्या पॅनेलकडील प्रवाह एकदिश असतो. तेथे साधा मीटर चालत नाही.

तिन्ही फेजचे आकडे ७, ७ व १० आले, तर सरासरी ८ आणि सर्वांत मोठा फरक २, म्हणजे २५ टक्के. १० टक्क्यांपलीकडचा फरक धोक्याचा समजावा. एका फेजमध्ये शून्य व इतर दोहोंत दीडपटीहून अधिक प्रवाह दिसल्यास मोटार तत्काळ बंद करावी.

दोष कोणाचा, हे ठरविण्याची युक्ती येथेच आहे. पुरवठा तोडून वायरमनने मोटारीच्या तिन्ही तारा एकाच क्रमाने एकेक घर पुढे सरकवाव्यात. फिरण्याची दिशा बदलत नाही. मग पुन्हा मोजावे. अधिक प्रवाह पुरवठ्याच्या त्याच फेजवर राहिला, तर दोष पुरवठ्यात. मोटारीच्या तारेबरोबर सरकला, तर मोटारीत वा केबलमध्ये. असे आकडे अर्जात लिहिले, तर तक्रारीस वजन येते.

उघड्या स्टार्टरमध्ये हात घालण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करू नये, ते परवानाधारक वायरमनचे आहे. परंतु मीटर मात्र गटाने सामाईक विकत घ्यावा, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आकड्यांचा अर्थ शिकून घ्यावा. नवी मोटार बसेल त्याच दिवशी तिन्ही फेजचे अँपिअर, व्होल्ट व तारीख कागदावर लिहून तो स्टार्टरच्या झाकणाआत चिकटवावा. पुढील छाटणीच्या वेळी तुलनेस तोच उपयोगी पडेल.